ओलं फडकं

मुकादमांच्या लेकीला वाघांची भीती वाटायची. वाघ सांभाळणाऱ्या माणसानं हे बोलून दाखवायचं नसतं, म्हणून ती बोलत नसे. रोज सकाळी छोट्या दारातून वाघांच्या आवारात पाऊल टाकताना तिच्या तळहातांना घाम फुटायचा. तो ती पँटला पुसायची, झाडू उचलायची आणि कामाला लागायची. त्या वेळी वाघीण मागच्या खोलीत बंद असते, मधलं लोखंडी दार खाली पडलेलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण पोटात उठणाऱ्या गोळ्याला हे कोण समजावणार?

आणि सांगणार तरी कुणाला? आजोबा याच प्राणिसंग्रहालयात अस्वलांकडे होते. वडील साधे रखवालदार म्हणून लागले, मुकादम झाले, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं लोटली तरी सगळ्यांच्या तोंडी मुकादमच राहिले. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. "आपल्या रक्तात भीती नाही," हे वाक्य मुकादम जेवताना मीठ मागावं इतक्या सहज म्हणायचे. लेक मान डोलवायची आणि ताटात बघायची. तिच्या रक्तात ती होती, आणि चांगली भरपूर होती.

हे प्राणिसंग्रहालय शहराइतकंच जुनं, निदान मुकादमांच्या मते तरी. कुणा जहाजवाल्या व्यापाऱ्याला मुक्या जनावरांचा नाद होता. त्याची जहाजं परतताना माल कमी आणि पिंजरे जास्त घेऊन यायची, असं मुकादम रंगवून सांगत. त्याच्या बागेत जिराफ आला तेव्हा लोक भिंतीवर चढून बघत. व्यापारी वारला, पोरांनी हात झटकले आणि ती जनावरं शहराच्या गळ्यात पडली. मग नदीकाठी दगडी कोठड्या बांधल्या, अस्वलांसाठी खड्डा खणला, तिकीट लावलं. युद्धाच्या दिवसांत, पिंजरे फुटले तर काय, या धास्तीनं वरून हुकूम आला आणि एका दुपारी सगळे वाघ-सिंह गोळ्या घालून मारले. ते सांगताना मात्र मुकादमांचा आवाज बसायचा, कारण बंदुका घेऊन आलेल्यांना कोठड्या दाखवायला आजोबांनाच पुढे केलं होतं. नंतर पुन्हा जनावरं आली, कोठड्या गेल्या, आणि आता झाडं, टेकाडं आणि पाण्याचा खंदक असलेली मोकळी आवारं झाली. एवढ्या वर्षांत सगळं बदललं, एक ओलं फडकं तेवढं बदललं नाही.

इथला उन्हाळा म्हणजे नुसती भट्टी. रखवालदार पूर्वीपासून डोक्याला ओलं फडकं गुंडाळून काम करत. पिंजऱ्यात शिरायच्या आधी ते फडकं काढायचं आणि बाहेर, ज्या दांड्यानं मधलं दार उघडतं, त्या दांड्यावर टाकायचं. दांड्यावर ओलं फडकं म्हणजे आत माणूस आहे, हात लावू नका. वाळकं फडकं म्हणजे कुणीतरी विसरून गेलंय, खुशाल काढा आणि दांडा ओढा. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी काढलेली रीत होती ती, आणि नदीकाठच्या त्या ओलसर दगडी बोळींत ती चोख चालली. तिथं सकाळी टाकलेलं फडकं दुपारी पिळलं तरी पाणी निघायचं. वाघांचं नवं आवार मात्र टेकडीवर होतं आणि त्याच्या मागच्या बोळीवर पत्रा होता. रीत उचलून आणली, ओल मागेच राहिली, आणि हे एवढ्या जाणत्या माणसांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

डोक्यात आलं ते नव्या संचालकबाईंच्या. त्यांनी प्रत्येकाला एकेक लाल कुलूप दिलं. आत जाताना दांड्याला आपलं कुलूप ठोकायचं, किल्ली आपल्याच खिशात, म्हणजे आतला माणूस बाहेर आल्याशिवाय दांडा हलायचाच नाही. रखवालदारांनी नाकं मुरडली. मुकादमांनी घरी बसून सगळ्यात जास्त मुरडलं. "भित्र्यांची कुलपं!" ते म्हणाले. "माणसाचा माणसावर विश्वास नाही, म्हणून लोखंड लागतं." लेकीला ते कुलूप मनापासून आवडलं होतं. ते खट्ट करून बंद झालं की पोटातला गोळा निम्मा विरघळायचा. ती ते रोज लावायची, फक्त वडिलांच्या कानावर जाणार नाही अशा बेतानं.

शंभराव्या वर्षाचा सोहळा भर उन्हाळ्यात ठरला. पाहुणे येणार, त्यांना मागची बोळ आणि रखवालदारांचं काम दाखवायचं, आणि जुना इतिहास सांगायला मुकादम. मुकादमांनी ठेवणीतला सदरा काढला आणि आठवडाभर आरशासमोर तालीम केली. बोळीत पाहुण्यांचा जीव गुदमरू नये म्हणून दोन्ही टोकांना माणसाच्या उंचीचे पंखे आणून ठेवले होते. त्यांच्या घोंघाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. त्या सकाळी नेमकी खंदकालगतची गटाराची जाळी पाल्यानं तुंबली आणि पाणी आवारात पसरायला लागलं. लेक आकडा आणि बादली घेऊन निघाली. पाहुणे दुपारी येणार, तोवर उरकेल, असा तिचा हिशेब होता.

वाघिणीला सगळे थोरली म्हणायचे. तिची धाकटी बहीण दुसऱ्या शहरात पाठवली होती, पण थोरलीचं नाव तेच राहिलं. लेकीनं तिला मागच्या खोलीत बंद केलं, डोक्यावरचं फडकं दांड्यावर टाकलं आणि कुलपासाठी खिशात हात घातला. तेवढ्यात तिला आठवलं, आज बाबा इथं येणार. चार लोकांसमोर त्या लाल कुलपाकडे बघून काय बोलतील ते तिनं मनातल्या मनात ऐकलं आणि तिचे कान तापले. हात तसाच बाहेर आला. ती छोट्या दारातून आत गेली.

गटाराचा चौकोनी खड्डा आवाराच्या पार टोकाला होता, उभं राहिलं तर छातीपर्यंत खोल. तिनं लोखंडी जाळी बाजूला सरकवली, आत उतरली आणि आकड्यानं पाला ओढायला लागली. वर खंदकात पाण्याची धार पडत होती, तिच्या आवाजात दुसरं काही कानावर येत नव्हतं. काम वाटलं होतं त्यापेक्षा चिवट निघालं. पाहुणेही सांगितलेल्या वेळेआधीच आले, याचा तिला पत्ता नव्हता.

मधल्या दाराचा आवाज पाण्याच्या धारेतूनही ओळखू येतो. आधी साखळी कुरकुरते, मग वजन खाली येतं आणि दार वर चढतं. लेकीनं तो आवाज ऐकला. तिला वाटलं, भास झाला. मग दार पुरतं वर जाऊन आदळलं.

छोटं दार त्या मधल्या दाराला खेटूनच होतं, म्हणजे पळायचं तर वाघिणीच्या तोंडाशी. मागे खंदक, आणि वाघ माणसापेक्षा बरे पोहतात. विचार करायला वेळच नव्हता आणि ते बरंच झालं, कारण विचार केला असता तर ती जागीच थिजली असती. ती खड्ड्यात खाली बसली, दोन्ही हात वर करून जाळी धरली आणि डोक्यावर ओढली. जाळी खाचेत बसताना घण्ण असा आवाज झाला. तो थोरलीनंही ऐकला असणार.

गुडघ्यांपर्यंत घाण पाणी, डोक्यावर लोखंडाच्या पट्ट्या आणि पट्ट्यांमधून आभाळाचे तुकडे. तिचे दात वाजायला लागले. आवाज होऊ नये म्हणून तिनं शर्टाची बाही तोंडात कोंबली. जाळीला कडी नव्हती, कोयंडा नव्हता. एखादा पंजा फटीत अडकला आणि ओढला गेला की झाकण निघालंच. तिनं आकडा पट्टीत अडकवला आणि खालून सगळं वजन त्याला लोंबकळवलं.

मग टाळ्या वाजल्या. पाहुणे आता बोळीतून खंदकापलीकडच्या सज्जात आले होते आणि वाघीण ऐटीत बाहेर आली म्हणून टाळ्या वाजवत होते. त्यामागून भोंग्यातून मुकादमांचा आवाज आला, घरच्यापेक्षा जरा जाड, तालमीतला. ते ओल्या फडक्याची गोष्ट सांगत होते. आत्ता खाली दांड्यावर एक वाळकं फडकं तुम्ही पाहिलंत, कुणी वेंधळा विसरून गेला होता, मी ते बाजूला केलं आणि दार उघडलं, इतकी साधी आणि इतकी पक्की आमची रीत. त्यांच्या अख्ख्या नोकरीत कुणाच्या अंगावर ओरखडा उठला नाही, असंही ते म्हणाले. पुन्हा टाळ्या पडल्या. लेक खड्ड्यात बसून हे सगळं ऐकत होती.

तिला राग यायला हवा होता. आला नाही, भीतीनं त्याला जागाच ठेवली नव्हती. हाक मारावी तर वाघीण येईल, न मारावी तर पाहुणे दुसऱ्या आवाराकडे निघून जातील. ती हे ठरवत असतानाच आभाळाचे तुकडे एकेक करून विझले. जाळीवर थोरली उभी होती.

वाघीण हुंगत होती. तिचा गरम, कुबट श्वास लेकीच्या केसांत शिरत होता. हीच थोरली रोज संध्याकाळी तिच्या हाकेसरशी खोलीत यायची, गजांपलीकडून फुरफुरायची. पण तेव्हा मध्ये गज असायचे आणि समोर मांस असायचं. आता मांस कोणतं, हा प्रश्नच होता. थोरलीनं पंजा टाकला. नख पट्ट्यांमधून आत आलं, लेकीच्या दंडाला चाटून गेलं, बाही फाटली. जाळी एका कोपऱ्यात उचलली गेली. लेक आकड्याला लटकली आणि तिच्या घशातून जे निघालं त्यावर तिचा काही ताबा नव्हता.

"बाबा!"

भोंगा एका वाक्याच्या मधोमध थांबला. मग तो कशावर तरी आपटल्याचा कर्कश आवाज झाला आणि सज्जात पळापळ सुरू झाली. कुणीतरी पाहुण्यांना मागे रेटत होतं. संचालकबाई डॉक्टरांना बोलवा, बंदूक आणा, असं ओरडत होत्या. लंबू नावाचा तिचा जोडीदार रखवालदार मागच्या खोलीत धावला असावा, कारण तिथून मांसाचं घमेलं बडवल्याचा आवाज यायला लागला. थोरलीनं एकदा कान तिकडे वळवले आणि पुन्हा खाली बघितलं. सकाळीच जेवली होती ती, घमेल्याचं तिला काय कौतुक?

लेकीच्या मनात एकच होतं, बाबा येतील. लहानपणी ताप चढला की वाटायचं तसं. बाबा येतील आणि काहीतरी करतील. ती लहान मुलासारखी रडत होती आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती.

आणि बाबा आले. छोटं दार करकरलं. जाळीवरून वजन हललं, थोरली वळली, आणि पट्ट्यांच्या फटीतून लेकीला दूरवर ठेवणीतल्या सदऱ्याचा पांढरा तुकडा दिसला. हातात काठीसुद्धा नव्हती. मुकादम टाळ्या वाजवत होते. "इकडे. इकडे बघ. माझ्याकडे ये." आवाज इतका फाटलेला होता की तिला आधी दुसऱ्याच कुणाचा वाटला. ज्या माणसाचा आवाज तिनं जन्मात कधी कापताना ऐकला नव्हता, त्याचे शब्द धड बाहेर पडत नव्हते. तरी ते एकेक पाऊल पुढे टाकत होते.

थोरली जाळीवरून उतरली. पोट जमिनीला लागेल इतकी खाली झाली आणि शेपटीचं टोक हलायला लागलं. त्याचा अर्थ त्या घराण्यात कुणाला सांगावा लागत नव्हता. इतका वेळ लेक स्वतःसाठी घाबरली होती, ती भीती किती लहान होती ते तिला आत्ता कळलं. बाबा, जा. येऊ नका, मागे जा. पण हे ओरडून सांगितलं असतं तरी ते ऐकणारे नव्हते. त्यांनी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

वाघीण मात्र तिचं ऐकायची. रोज संध्याकाळच्या हाकेला. ती हाक लाडीक, लांबवलेली, निवांत असायची. जरा घाई असली, आवाजात जरा कडकपणा असला, तरी थोरली झाडाखाली बसून राहायची आणि लेकीची घरी जायची वेळ टळून जायची. घाबरलेल्या आवाजाला ती येत नाही, हे लेकीला पक्कं माहीत होतं. तिनं डोळे मिटले आणि आपण बोळीत उभ्या आहोत, काम संपलंय, असं स्वतःला सांगितलं.

"ये गं थोरले. ये माझ्या बाई. चल, ये."

आवाज निघाला. कापला नाही. तिनं पुन्हा हाक मारली, तशीच, घाई नसल्यासारखी. शेपटी थांबली. थोरलीनं मान वळवली, एकदा त्या थरथरणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि ती उठली. पावलं जाळीकडे यायला लागली. लेक बोलावत राहिली, मृत्यूला लाडानं बोलवावं तशी, आणि ती येतेय म्हणून तिला एकाच वेळी हायसंही वाटत होतं आणि भीतीही. जाळी पुन्हा काळी झाली. लंबूनं मुकादमांना मागून काखेत धरून बाहेर ओढलं आणि छोटं दार लागल्याचं तिनं ऐकलं. तेव्हा कुठे तिचा आवाज चिरकला.

डॉक्टरांनी सज्जातून भुलीची सुई मारली. सुई लागताच थोरली चवताळली, जाळीवर दोनदा आदळली, आकडा लेकीच्या तळहातात रुतला. त्यानंतर भूल चढेपर्यंत जो वेळ गेला त्याबद्दल लेकीला पुढे कुणी विचारलं तर ती उठून दुसरीकडे जायची. शेवटी वाघीण तिथंच, जाळीवर, आडवी झाली. तिची लाळ पट्ट्यांमधून लेकीच्या मानेवर गळत होती आणि खाली बसलेल्या लेकीला हलायला जागा नव्हती. माणसांनी मिळून थोरलीला ओढून बाजूला केलं, जाळी काढली, आणि लेकीला वर घेतलं तेव्हा तिची बोटं आकड्यावरून एकेक करून सोडवावी लागली.

बोळीत संचालकबाईंनी विचारलं की दार कुणी उघडलं. लेक काहीतरी साखळी घसरल्याचं सांगायला गेली. भिंतीला टेकून बसलेल्या मुकादमांनी मान वर केली.

"मी उघडलं," ते म्हणाले. "फडकं वाळलेलं होतं. तरी एक हाक मारून बघायची असते. मारली नाही. पाहुणे बघत होते."

कुणीतरी त्यांच्या हातात पाणी दिलं. ते सगळं सदऱ्यावर सांडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक कामावर जायला निघाली, तर मुकादम उंबऱ्यात बसले होते आणि तिचे कामाचे बूट त्यांच्या मांडीवर होते. रात्रभर त्यांचा डोळा लागला नव्हता. तिचाही नव्हता.

"आज नको जाऊस," ते म्हणाले. "उद्याही नको. दुसरं काम बघू."

लेक त्यांच्याशेजारी टेकली. थोरली शुद्धीवर आली आहे, पण अन्नाला तोंड लावत नाही, डॉक्टरांचा फोन होता, असं तिनं सांगितलं. मुकादम म्हणाले, दुसरं कुणी तिला हाक मारेल. दुसऱ्या कुणाच्या हाकेला ती ओ देत नाही, हे काल त्यांच्याइतकं जवळून कुणी पाहिलं नव्हतं.

"मला भीती वाटते गं," मुकादम म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडाला सवयीचे नव्हते, अडखळत आले.

"मलाही वाटते, बाबा. पहिल्या दिवसापासून वाटते. रोज."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, जणू घरात दुसरंच कुणी राहायला आलं होतं.

"मग जायचीस कशी?"

"घाबरत घाबरत."

मुकादमांनी बूट सोडले नाहीत. खाली वाकून त्यांनी एक तिच्या पायात घातला, मग दुसरा, आणि ती शाळेत जायची तेव्हा बांधायचे तशी नाडी बांधायला घेतली. गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती. लेकीला उशीर होत होता, तरी तिनं पाय मागे घेतला नाही.